मास्क हिचा, आकडा तिचा

सासऱ्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा गाडीतून दोन पिशव्या उतरल्या. एकीत त्यांचे कपडे होते आणि दुसरीत भांडण होतं.

सुनेनं दुसरी पिशवी पलंगाच्या पायथ्याशी रिकामी केली. तीतून एक लांबलचक पातळ नळी निघाली, नाकात अडकवायची दोन मऊ टोकं असलेली. आणि एक पारदर्शक मास्क निघाला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, रबरी पट्टा डोक्यामागून घ्यायचा. नळी डॉक्टरांनी घरी वापरायला दिलेली. मास्क अँब्युलन्समधला. जाताना लावला होता तोच नर्सनं पुसून पिशवीत सरकवला होता, फेकायचा कशाला म्हणून.

"हा मास्क कशाला उचलून आणलात?" नणंद दारातून म्हणाली. "तिथल्या चादरी राहिल्या का आणायच्या?"

"चादरी तुमच्यासाठी ठेवल्या," सून म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तिचं सगळं खालच्या पट्टीत चालायचं, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं.

नणंद ही नवऱ्याची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून येणाऱ्यांना नंबर द्यायची, आणि तेवढ्या भांडवलावर घरातल्या प्रत्येक दुखण्यात शेवटचा शब्द तिचा असे. वडील आजारी पडल्यापासून रजा टाकून ती इथेच मुक्कामाला होती. घरी आणायचं ठरलं त्याच दिवशी तिनं भावाला बजावलं होतं, "दादा, नेताय तर न्या. पण पुन्हा एकदा जरी बाबांना हॉस्पिटलात हलवावं लागलं, तर तिथून ते सरळ माझ्या घरी येतील. मग मला कोणी अडवायचं नाही."

"कबूल," सुनेनं नवऱ्याच्या आधी उत्तर दिलं होतं.

सासरे तिकडे राहायला गेले असते तर खरं म्हणजे तिचा भार हलका झाला असता. पण लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाची पथ्यं, औषधं, अंघोळी, सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं. आता ते नणंदेकडे गेले असते, तर नात्यागोत्यात एकच बोललं गेलं असतं, की सुनेला जमलं नाही, अखेर पोटची मुलगीच धावून आली. एवढ्या वर्षांच्या कष्टांवर असा बोळा फिरवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

सासरे बस कंडक्टर होते. नोकरी संपली तरी गाडीतला तोरा उतरला नव्हता. सिगारेटींनी छातीचं पार जाळं करून टाकलं होतं, चार पावलं चालले की ओठ निळे पडायचे, पण टोमणा मारण्यापुरती हवा कुठून तरी उरायचीच. मुलीशी मात्र त्यांची जीभ साखरेची व्हायची. "आली माझी चिमणी," म्हणायचे. मुलाला ते बसमधला दांडा म्हणत, कारण दोन्हीकडची माणसं त्याला धरतात आणि तो जागचा हलत नाही. आणि सुनेचा चहा हा तर रोजचा विषय. पहिला घोट घेऊन कपाकडे बघत राहायचे. "सूनबाई, कप विसळलेलं पाणी इकडेच आणलंस का?" नाहीतर, "चहापत्तीला पाणी नुसतं लांबून दाखवलंस वाटतं." रोज नवं काहीतरी. लग्नापासून आजवर त्यांनी त्या चहाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं, आणि तिनंही तो एकदाही बदलला नव्हता.

दुपारी मशीन बसवणारा आला. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते मशीन चाकांवरच्या बुटक्या कपाटासारखं होतं. त्यानं ते भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं, पाण्याची बाटली जोडली, बटण दाबलं. बाटली गुडगुडायला लागली. पुढच्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी वर चढली, ती त्यानं चकती फिरवून दोनच्या आकड्यावर आणली.

"गोळी दोनवर. डॉक्टरांनी दोनच सांगितलंय. ह्यांच्या छातीला जास्त ऑक्सिजन दिला तर फायदा नाही, उलट त्रास होतो. नाकातली नळी, गोळी दोनवर, दिवसभर आणि झोपेतही." मग त्याची नजर पलंगावरच्या मास्ककडे गेली. "आणि हा लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, मास्कचं कसं असतं..."

"तो लावायचाच नाहीये," नणंद म्हणाली.

"का? लागला तर लावू," सून म्हणाली.

"मी दवाखान्यात असते वहिनी, मला कळतं."

"दातांच्या."

"तोंड तेच असतं."

पलंगावरून सासऱ्यांचा आवाज आला, "नाक माझं आहे. त्याला कोणी विचारलं का?"

मशीनवाला ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. "काही लागलं तर फोन करा, नंबर मशीनवर चिकटवलाय," एवढं म्हणून त्यानं हत्यारं गोळा केली आणि पायात चप्पल सरकवली. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य तसंच खोलीत राहिलं. दोघींपैकी कोणालाच ते पुरं करून घ्यावंसं वाटलं नाही.

मग नळीचे हाल सुरू झाले. सासऱ्यांना डुलकी लागली की त्यांचा हात आपोआप नाकाशी जायचा, आणि नळी गळ्यात येऊन पडायची. कानामागे ती घासून कातडी सोलली. नाक कोरडं पडून रक्ताचा ठिपका दिसला. सून दर थोड्या वेळानं उठून नळी सारखी करायची, आणि दर वेळी म्हणायची, "मास्क असता तर पडला नसता. अँब्युलन्समध्ये मास्क लावून गोळी पाचवर ठेवली होती, तर कसे तरतरीत झाले होते."

"तिथे जीवावर बेतलं होतं म्हणून ठेवली असेल पाचवर. इथे दोन म्हणजे दोन," नणंद म्हणायची. "आणि मास्कमध्ये बाबांना घास घेता येत नाही, बोलता येत नाही."

ह्यावर सून नळी सारखी करत राहायची. बोलता येत नाही, हाच तर त्या मास्कचा गुण तिच्या मनात भरला होता. अँब्युलन्समधल्या त्या प्रवासात भीती होती, धावपळ होती, पण लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांच्या शेजारी बसून तिला काही ऐकावं लागलं नव्हतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. देवासमोर उभं राहूनही तिनं ते सांगितलं नव्हतं.

मास्क घरभर फिरायला लागला. सून तो उशीशी ठेवायची, नणंद तो कपाटावर टाकायची. एकदा तो धुण्याच्या बादलीत सापडला.

"चुकून गेला असेल," नणंद म्हणाली.

"हो ना, पाय फुटलेत त्याला," सून म्हणाली, आणि तो धुऊन, पुसून पुन्हा उशीशी ठेवला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला की दोघी त्याला आळीपाळीनं गाठायच्या. तो एका कारखान्यात कामगार अधिकारी होता. कामगार आणि मालक यांच्यात समेट घडवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं द्यायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच नाराज राहतात आणि कारखान्याचा भोंगा वाजतो, हे त्याचं तत्त्व होतं. शेवटी एकदा जेवणं झाल्यावर त्यानं दोघींना टेबलाशी समोरासमोर बसवलं.

"हिला मास्क हवाय आणि गोळी पाचवर हवीय. तुला नळी हवीय आणि गोळी दोनवर. बरोबर?"

कोणी नाही म्हणालं नाही.

"मग मास्क हिचा, आकडा तुझा. मास्क लावायचा, गोळी दोनवर ठेवायची. दोघींचं निम्मं निम्मं राहिलं. आता ह्या विषयावर मला पुन्हा काही ऐकायचं नाही."

"हे काय बोनसचं बोलणं चाललंय का, दादा?" नणंद म्हणाली. पण डॉक्टरांचा आकडा शाबूत राहिला होता, त्यामुळे तिला फार ताणता आलं नाही. सुनेला मास्क मिळाला होता. तिनं टेबल पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून मास्क चढवला. रबरी पट्टा एका बाजूनं हिनं ओढला, दुसऱ्या बाजूनं तिनं. सासऱ्यांनी आत काहीतरी म्हटलं, मास्कवर वाफ धरली आणि विरली. एक शब्दही बाहेर आला नाही.

घरात एकदम शांतता पसरली. नणंद सुनेच्या शेजारी बसून भाजी निवडायला लागली. "देठं जरा जास्तच काढताय," असं तिच्या ओठांवर आलं असावं, पण तिनं ते गिळलं. जेवताना सुनेनं तिला न विचारता वरून आमटी वाढली. सासरे दुपारभर झोपले. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, बोटाला लावायचा चिमटा बघितला, तर आकडा नळीपेक्षा एका घरानं वरच होता. गालांवर तर चक्क लाली चढली होती.

"रंग किती छान आलाय बाबांचा," नणंद म्हणाली.

"झोप मिळाली ना," सून म्हणाली.

नवरा संध्याकाळी दारातच थांबून ती शांतता कान देऊन ऐकत राहिला. "बघितलंत?" एवढंच म्हणाला. त्याच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता.

पुढचा दिवसही झोपेत गेला. जेवणापुरते उठले, चार घास खाल्ले, पुन्हा मान टाकली. डोकं जड झालंय असं काहीसं पुटपुटले, पण इतक्या दिवसांचा थकवा आहे, असं दोघींनी ठरवलं. दोघींचं एकमत होणं इतकं दुर्मीळ होतं, की ते तपासून बघावं असं कोणाच्या मनातच आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन गेली. त्यांना उठवायला खांदा हलवावा लागला, मग जरा जोरात हलवावा लागला. तिनं मास्क खाली केला, पाठीशी उशी दिली, कप हातात दिला. हात पाखराच्या पंखासारखा फडफडत होता. तिनं स्वतःच कप धरून त्यांच्या ओठांना लावला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की घाईत चहात साखर घालायचीच राहिलीय. ती वाट बघत उभी राहिली. आता येणार. एवढं आयतं कोलीत हातात मिळाल्यावर हा माणूस सोडणार नव्हता.

सासऱ्यांनी घोट गिळला. अर्धवट डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

"छान झालाय," ते म्हणाले.

सुनेनं कप मागे घेतला.

"काय म्हणालात?"

"छान... झालाय हो, पोरी." आणि त्यांची मान छातीवर पडली.

तिनं कप जमिनीवर ठेवला, मास्क डोक्यावरून ओढून काढला, मशीनपाशी गुंडाळून ठेवलेली नळी घेतली आणि ती त्यांच्या नाकात बसवायला लागली. पाइप बदलताना मशीन किंचाळलं. त्या आवाजानं नणंद धावत आली.

"काय करताय? ठरलं होतं ना मास्क लावायचा? तुम्हीच मागितला होतात ना?"

"बाबा शुद्धीवर नाहीत."

नणंदेनं चिमटा घेऊन बोटाला लावला. "आकडा चांगला आहे. झोपेतून उठवलंत म्हणून गुंगीत असतील. नळी सोडा. उद्या काही झालं तर म्हणाल, ताईंनी आकडा वाढवू दिला नाही. मला ओळखता येत नाही का तुमचा डाव?"

"त्यांनी माझ्या चहाला छान म्हटलं."

"मग? एक दिवस माणूस चांगलं बोलला तर लगेच त्याला आजारी ठरवायचं?"

"हो," सून म्हणाली. "माझ्याशी बोलला तर ठरवायचं."

नणंदेनं मास्क उचलला आणि तो पुन्हा चढवायला पुढे झाली. सुनेनं तिचं मनगट धरलं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना, मधे सासरे, आणि त्यांच्या छातीवर तो मास्क ताणला जात होता. कोणी ओरडलं नाही. दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू येत होता, पलंगावरचा मात्र फार सावकाश होता. तो ऐकून आधी नणंदेची पकड सैल झाली.

सुनेनं मशीनवरचा नंबर लावला आणि फोन मोठ्यानं बोलता ठेवला. मशीनवाल्यानं एकच प्रश्न विचारला. "मास्क लावून गोळी कितीवर होती?"

"दोनवर."

"अहो, तेच सांगत होतो त्या दिवशी. नळी नाकातच असते, त्यामुळे सोडलेला श्वास बाहेर निघून जातो. मास्कमध्ये तो साठतो. तो बाहेर ढकलायला निदान पाचचा जोर लागतो. दोनवर मास्क म्हणजे ते दोन दिवस स्वतःचाच उष्टा श्वास परत घेतायत. ह्यांच्या छातीला तो बाहेर टाकता येत नाही, मग तो डोक्यात चढतो. आणि चिमट्यावर हे दिसत नाही. वाट बघू नका, हलवा त्यांना."

हलवा. त्या शब्दावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तो शब्द काय घेऊन येणार, हे दोघींना पाठ होतं.

"फोन लावताय म्हणजे..." नणंद म्हणाली.

"तुम्ही कपडे भरा," सून म्हणाली. "दोन पिशव्या करा हवं तर, तुमच्याकडे न्यायच्या वेगळ्या. मी पत्ता सांगतेय." आणि तिनं अँब्युलन्सला फोन लावला.

अँब्युलन्समधल्या माणसानं त्यांना बघितलं, आणि पेटीतून एक मास्क काढला. त्याच्या खाली निळी तोटी होती, तोटीला खिडक्या होत्या.

"पुन्हा मास्कच?" नणंदेला राहवलं नाही.

"हा वेगळा, ताई. ह्या खिडक्यांतून बाहेरची हवा भरपूर ओढली जाते. ऑक्सिजन ठरवला तेवढाच जातो आणि आत काही साठत नाही. दिसायला सगळे मास्क एकाच घरातले वाटतात."

 अख्खी वाट सून त्या निळ्या तोटीकडे बघत बसली. सासरे गप्प होते, आणि ह्या वेळी ती शांतता तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

हॉस्पिटलात त्यांना आणखी एक मास्क बसवला, चेहऱ्याला गच्च चिकटणारा, श्वासाला आतून रेटा देणाऱ्या मशीनचा. संध्याकाळपर्यंत डोळे उघडले. सकाळी ते नर्सला मागे सरका म्हणून हातानं खुणावत होते.

डॉक्टर बाई तिघांना घेऊन व्हरांड्यात आल्या. "दोनचा आकडा नळीचा होता. तो उचलून मास्कला कोणी लावला? आणि मास्कचा पाच ह्यांना झेपणारा नाही, म्हणून तर नळी दिली होती. एक पाय ह्याच्या चपलेत आणि एक त्याच्या चपलेत घालून माणूस चालेल का?"

दोघींनी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरची हात धुण्याची चित्रं वाचायला लागला.

"वेळेवर आणलंत म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाल्या. "चिमटा नीट आकडा दाखवत होता, मग तुम्हाला कळलं कशावरून?"

"बिनसाखरेच्या चहाला छान म्हणाले," सून म्हणाली.

डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "झोप वाढली, स्वभाव बदलला, की आधी इथे आणायचं. हे आम्ही सगळ्यांना घसा फोडून सांगतो," म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत शिरल्या.

नणंदेनं पर्स खांद्यावर सारखी केली. "मग ठरल्याप्रमाणे. इथून बाबा माझ्याकडे."

"न्या. मी शब्द फिरवत नाही," सून म्हणाली. "फक्त एक सांगा. तुमच्याशी बाबा कधी वाकडं बोललेत?"

"कधीच नाही." नणंदेची मान ताठ झाली. "मी तशी वेळच येऊ देत नाही."

"तुमच्या चहाला काय म्हणतात?"

"अमृत म्हणतात."

"रोज?"

"रोज."

"मग पुन्हा त्यांच्या डोक्यात तो श्वास चढायला लागला, तर तुम्हाला कळणार कशावरून?"

नणंदेनं पर्स खांद्यावरून काढून हातात घेतली. व्हरांड्यातून एक रिकामी चाकाची खुर्ची ढकलत कोणी गेलं. ते वळेपर्यंत दोघी तिकडेच बघत राहिल्या.

नवऱ्यानं घसा साफ केला. "असं करू. सहा महिने इकडे, सहा महिने..."

"तू गप्प बस, दादा."

"तुम्ही गप्प बसा."

दोन्ही वाक्यं एकाच वेळी आली. तो पुन्हा चित्रांकडे वळला.

"म्हणजे बोलणी खायचा मान तुमचाच," नणंद शेवटी म्हणाली. आवाजात कडवटपणा पुरेपूर होता. "ठीक आहे. राहू देत तुमच्याकडे. पण मी रोज सकाळी चहाच्या वेळेला येणार. बाबा काय म्हणतात ते माझ्या कानांनी ऐकणार. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

"या. येताना स्वतःचा कप आणा. माझ्याकडे मोजके आहेत."

सासरे घरी आले. सुनेनं कानामागे नळीखाली कापसाच्या घड्या बसवल्या, त्यामुळे ती घासेना आणि पडेना. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, असं नणंदेनं ऐकवलं. तुम्हाला का नाही सुचलं, असं सुनेनं विचारलं. मास्कचा पट्टा सुनेनं कात्रीनं कापला आणि दोन्ही तुकडे नणंदेच्या समोर कचऱ्यात टाकले.

पहिल्या सकाळी नणंद कप घेऊन हजर झाली. चहा करताना ती ओट्याशीच उभी राहिली, दूध कधी घालायचं ह्यावरून बोलाचाली झाली, आणि शेवटी दूध तिनं ओतलं. दोघी पलंगाशी आल्या. बाटली गुडगुडत होती, गोळी दोनवर तरंगत होती. नळी नाकात होती, तोंड मोकळं होतं.

सासऱ्यांनी पहिला घोट घेतला. कपाकडे बघत राहिले. मग सुनेकडे बघितलं, मग मुलीकडे. 

"दोघींनी मिळून केलात का?" ते म्हणाले. "एकटीला इतका वाईट जमत नाही."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा मला असं कधी बोलले नाहीत," ती पुटपुटली, आणि घाबरून बोटाचा चिमटा शोधायला लागली. "वहिनी, फोन लावा. ह्यांचा स्वभाव बदललाय."

सुनेनं नणंदेचा रिकामा कप उचलला.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "अगदी शुद्धीवर आहेत."